शेतीला ‘सर्वांत मोठी चूक’ ठरवणाऱ्या दाव्याविषयी

शिकार आणि कंदमुळांवर जगणारा माणूस दिवसाला दोन-तीन तास काम करी, निरोगी व समतेने राही, आणि शेतीच्या एका चुकीने हे सुख संपले, असे विधान हल्ली वारंवार पुढे पाठवले जाते. त्यातला खरा भाग आधी मान्य करतो: अमेरिकेतील डिक्सन माउंड्स या प्राचीन दफनस्थळातील सांगाड्यांत मक्यावरचे अवलंबन वाढल्यावर कुपोषणाच्या आणि संसर्गाच्या खुणा स्पष्टपणे वाढलेल्या दिसतात.

तासांचा आकडा मात्र अर्धवट आहे. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी 1964 मध्ये आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात डोबे येथे शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग लोकांच्या कामाची अवघे चार आठवडे नोंद केली. तिच्यातले आठवड्याचे 12 ते 19 तास केवळ अन्न मिळवण्याचे होते. मोंगोंगोची टणक फळे फोडणे, स्वयंपाक, सरपण आणि हत्यारांची डागडुजी धरल्यावर लींच्याच पुढच्या हिशेबात ते 40 च्या वर गेले, आणि मुलांचा सांभाळ त्यातही नव्हता. शेतकरी बाईचे शेतातले तास तेवढे मोजून चूल आणि पाणी वगळले, तर आपण त्याला हिशेब म्हणणार नाही. कुंग स्त्रीच्या बाबतीत तरी तो का मान्य करावा? लोकसंख्येच्या अभ्यासक नॅन्सी हॉवेल यांच्या अभ्यासानुसार याच समाजात दर पाच अर्भकांपैकी सुमारे एक पहिल्या वर्षातच दगावत असे.

समतेचे म्हणाल, तर उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सामन माशांवर जगणाऱ्या, शेती न करणाऱ्या समाजांत वंशपरंपरागत सरदार होते आणि गुलामही होते.

सर्वांत मोठा दोष ‘एका चुकी’च्या कल्पनेत आहे. इस्रायलमधील गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे 23,000 वर्षांपूर्वीच रानटी जव आणि गहू गोळा केले जात होते. दाणे आपोआप न गळणारी, माणसावर अवलंबून असलेली पिके रुळली ती त्यानंतर अनेक सहस्रकांनी. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात तर गती उलटीही दिसते. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तेथे जव व मसूर पिकवणारे, त्याबरोबरच हरणांची शिकार आणि मासेमारी करणारे गाव सापडले. तेथेही विषमता होती, हे सांगितलेच पाहिजे. प्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि शेजारचे कोठार तेच सुचवतात. पण इ.स.पू. 1000 नंतरच्या उत्तर जोर्वे काळात (महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात) मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी होऊन लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे आणि शिकारीकडे वळले. या कारणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. झोपड्यांचे गोल तळ मात्र उत्खननात प्रत्यक्ष मिळाले आहेत.