इतिवृत्तात काय लिहू?

आमच्या सोसायटीच्या निवडणुकीला मी गैरहजर होतो, म्हणून मानद सचिव झालो. वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, ती घेतली. भांडण घ्यावंच असं कायदा म्हणत नाही, पण तेही आम्ही मुदतीत उरकलं. मग इतिवृत्त लिहायला बसलो आणि एका शब्दावर गाडी अडली.

झालं होतं एवढंच. ए विंगचे काका आपली अल्टो पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावतात. विषय निघताच ते खुर्ची मागे ढकलून उठले आणि म्हणाले, "लावणार! कुणाच्या बापाला भीत नाही. कोण काय करतो तेच बघतो." वेफर्सचं ताट उपडं झालं. ते मुद्दाम की धक्क्याने, यावर अजून एकमत नाही.

मी लिहिलं, 'सदर सभासदांनी दादागिरी केली.' मसुदा ग्रुपवर टाकला आणि लगेच खजिनदार वहिनींचा फोन. "अहो, दादागिरीला मागे चार पोरं उभी लागतात. काकांच्या मागे काकूसुद्धा उभ्या नव्हत्या. अरेरावी लिहा." अध्यक्षांना अरेरावी नामंजूर. त्यांच्या मते अरेरावी खिडकीपलीकडच्या माणसाने करायची असते, हातात शिक्का लागतो. काका निवृत्त होऊन शिक्का कधीच गेला, आता नुसता आवाज उरलाय.

"मग मुजोरी?" मी विचारलं. ग्रुपवर शांतता. मुजोरी रिक्षावाल्याची, फेरीवाल्याची, फार तर टँकरवाल्याची. पेन्शनर माणसाला मुजोर कसं म्हणायचं? खरं तर कुणालाही मुजोर म्हणण्याआधी तो आपल्यापेक्षा खालचा आहे हे मनातल्या मनात ठरवावं लागतं. रिक्षावाला "नाही येत" म्हणाला की ती मुजोरी. डॉक्टरांनी "आज पेशंट घेणार नाही" म्हटलं की डॉक्टर बिझी.

मी हा शोध घरात सांगायला गेलो, तिथेच चुकलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुझ्या ताईचे मिस्टर भरल्या ताटावरून उठले, तेव्हा आई काय म्हणाल्या? जावई मानी आहेत. आणि मी एकदा म्हटलं, मला नाही जेवायचं, तेव्हा?" तेव्हा 'उर्मट' म्हणाल्या होत्या, पाठोपाठ 'माहेरचं वळण'ही आलं होतं. मला स्पष्ट आठवत होतं. मी म्हटलं, सोसायटीचं तातडीचं काम आहे, आणि बाहेरच्या खोलीत आलो.

बी विंगचे सर मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांना विचारणं म्हणजे कोठार उघडणं. झोटिंगशाही, पुंडाई, दांडगाई, धटिंगणपणा असं बरंच बाहेर आलं. पण झोटिंग म्हणजे भूत आणि काका हयात आहेत. पुंडाईला निदान एखादी गढी आणि चार घोडी हवीत, अल्टोवर कशी भागणार? शेवटी सर वैतागून म्हणाले, "सरळ पोलिसांत जाऊ."

चौकीतल्या हवालदारांनी मान वर न करता विचारलं, "शिवी दिली?"

"नाही. बाप काढला. पण कुणाचा ते सांगितलं नाही."

"धमकी?"

"बघतो म्हणाले."

"मग शिवीगाळ व दमदाटी."

पोलिसी मराठीत ही जोडी फुटत नाही, लाथाबुक्क्यांसारखी. पूर्वी तिला भारतीय दंड संहितेची 504 आणि 506 ही कलमं लागायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 352 आणि 351 लागतात. आकडे बदलले, दमदाटी तीच. "अदखलपात्र आहे," हवालदार म्हणाले, "नोंद देतो, घरी जाऊन समजुतीने घ्या." वेफर्सचं लिहायचं का, असं सरांनी विचारलं. "मग नुकसानीची रक्कम सांगा," म्हटल्यावर सर उठलेच.

संध्याकाळी काका स्वतः दारात. हातात माझ्या मसुद्याची प्रिंट, खिशाला लाल पेन. कुणीतरी ग्रुपवर 'शिरजोरी' सुचवलं होतं, तेवढंच त्यांना झोंबलं होतं. "चोर तर चोर, वर शिरजोर! म्हणजे मी चोर?" मी त्यांना बसवलं, चहा दिला. "तुम्हीच सांगा काका, काय लिहू?"

काकांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "बाणेदारपणे आपली भूमिका मांडली, असं लिही." वर माझे दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले.

अखेर मंजूर झालेलं इतिवृत्त असं: 'पार्किंगच्या विषयावर साधकबाधक चर्चा झाली. वेळेअभावी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला. अल्पोपाहाराचा वाढीव खर्च किरकोळ खात्यातून मंजूर.' सूचक म्हणून सही काकांची आहे.