बारा वाजून सोळा मात्रा

आमच्या सौभाग्यवती कथक नर्तिका आहेत आणि मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे बेरीज चुकली तर ज्याला जेवण जात नाही असा माणूस. त्यामुळे स्पेनमधील सेव्हिया शहरातून आलेल्या एका फ्लामेंको नर्तिकेबरोबर नवे नृत्य बसवण्याचे ठरले, तेव्हा मात्रा मोजण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

तालीम नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या दिवाणखान्यात. सौभाग्यवती अनवाणी, प्रत्येक पायात शंभरावर घुंगरू. पाहुण्या बाईंच्या बुटांच्या टाचांना आणि चवड्यांना मात्र खिळे ठोकलेले, आणि त्यांना लाकडाखेरीज दुसरी जमीन चालेना. तेव्हा फरशीवर प्लायवूड अंथरले. खालच्या मजल्यावर एक वयस्कर काका राहतात, हे त्या वेळी कोणाच्याही लक्षात आले नाही.

पहिल्या दिवशी बाई सारख्या 'कोंपास, कोंपास' म्हणू लागल्या, म्हणून मी नातवाची कंपासपेटी आणून दिली. कोंपास म्हणजे तालाचे आवर्तन, आणि बुलेरियास या फ्लामेंकोच्या प्रकारात ते १२ ठोक्यांचे असून जोर १२, ३, ६, ८ आणि १० वर पडतो, हे मागाहून समजले. मोजणी १२ पासून कशी सुरू होईल, असे विचारताच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. घड्याळ पटले, पण माझे बारा वाजले ते त्याच क्षणी. त्यातच रंगात आल्या की त्या 'ओले!' असे ओरडत, आणि दर वेळी आमच्या मातोश्री 'काय ओले झाले?' म्हणत पोछा घेऊन धावत येत.

इकडे सौभाग्यवतींच्या तीनतालाच्या मात्रा १६. दोन्ही ताल द्वारका चौकातल्या वाहनांसारखे एकमेकांना आडवे जाऊ लागले, तेव्हा मी शाळेतला लसावि बाहेर काढला: ४८. तीनतालाची तीन आवर्तने, कोंपासची चार, की दोघी एकाच ठोक्यावर! वहीत त्या भेटल्याही. प्रत्यक्षात सौभाग्यवतींची तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला एकच बोल, 'धा' म्हणत समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येई आणि बाईंची रचना १० वरच संपलेली असे. उरलेले दोन ठोके बाई उशिरा आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तशा सौजन्याने आमच्याकडे पाहत राहत.

मी नवा हिशेब मांडत असताना दोघींनी माझ्या वहीकडे ढुंकूनही न पाहता, टाळ्या वाजवत पाच मिनिटांत तोडगा काढला. तिहाई दोन मात्रा आधी उचलायची, 'धा' १० वर टाकायचा, आणि सम येईल तेव्हा दोघींनी निश्चल उभे राहायचे. मला तो सरळसरळ हिशेबातला घोळ वाटला. दृश्य मात्र फार सुंदर होते.

आठ दिवसांनी खालचे काका दारात उभे राहिले. प्लायवूडबद्दलची माफी माझ्या जिभेवर तयारच होती.

"अहो, आवाजाचे काही नाही," ते थकलेल्या स्वरात म्हणाले, "पण आठवडा झाला, तिहाई येते आणि सम काही येत नाही. रोज रात्री तिची वाट पाहत पडून असतो. ती कधी येणार तेवढे सांगा, म्हणजे झोप तरी लागेल."