लग्नात ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचे नाहीत म्हणे!

भाचीच्या लग्नाची बोलणी करायला आज सगळे जमलो होतो. मी म्हटलं, मुहूर्ताचे फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काढतो. लगेच एक काकू म्हणाल्या, "शुभकार्यात असले फोटो? ते माणूस गेल्यावर हार घालून लावतात." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! डोकंच फिरलं माझं.

अहो, आपल्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो कसले होते? अजून लख्ख आहेत ते. आणि १९८०-८५च्या रंगीत अल्बममधले शालू बघा, सगळे तांबूस पडलेत. रंगीत प्रिंटमध्ये रंगद्रव्यं असतात, ती उडतात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचा काळा म्हणजे चांदीचे बारीक कण. चांदी अशुभ कधीपासून झाली?

चुलतबहिणीच्या लग्नात मी एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल नेला होता. कार्यालयात स्टेजवर जांभळे-निळे एलईडी, रंगीत फोटोत नवरीचा अर्धा चेहरा जांभळा. कमी उजेडातही फोटो यावेत म्हणून मी चारशे आयएसओची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) फिल्म सोळाशेची समजून वापरली, लॅबला ती दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करायला सांगितलं. ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, भरपूर आला. पण मामा आला! अंतरपाट धरलेला, शेवटची मंगलाष्टका चाललेली, आणि नवरीच्या मागे उभा तिचा मामा. ओठ घट्ट मिटलेले, मुठीतल्या अक्षता टाकायच्या तशाच राहिलेल्या. पेनड्राइव्हमधल्या ढीगभर रंगीत फोटोंत हा मामा कुठेही नाही, कारण सगळे कॅमेरे वधूवरांवर रोखलेले.

हळदीला आणि हिरव्या चुड्याला रंगच हवा, मान्य. फिल्म महाग पडते, तेही मान्य. डिजिटल फोटो नंतर ब्लॅक अँड व्हाइट करता येतो, येतो बाबा! पण रोलमध्ये छत्तीसच फोटो असले की बोट आवरावं लागतं, आधी माणसं बघावी लागतात. मामाकडे माझं लक्ष गेलं ते त्यामुळेच. आपल्याला लग्नात माणसं हवीत की रोषणाई?

काकूंवर मात्र राग नाही. त्यांच्या भिंतीवर काकांचा तसाच एक फोटो आहे, त्यांना दुसरं काय आठवणार? पण काकू, त्या मामाने स्वतः मोठी प्रत मागून घेतली आणि बाहेरच्या खोलीत लावली. आल्यागेल्याला दाखवतो. "हा मी, पोरीच्या मागे," म्हणतो. यात काय अशुभ आहे, सांगा ना.

स्टेजवर रंगीतवाला असेलच, ड्रोनही येऊ दे. मी अंतरपाटाच्या बाजूला उभा राहणार. मुहूर्ताला मोबाइल उंच करून कुणी पुढे घुसू नका, एवढंच करा. आणि भाचीचं म्हणाल, तर रोल तिला विचारूनच मागवलेत.