अमेरिकेला सांगा, हितं पाऊस हाय

आज सकाळपासून डोकं तापलंय, तेव्हा पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी अंगठा ठोकून पुढं जावं.

पाचगणीत बसून लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणाकडं डबा चांगला मिळतो, कुठल्या कंपनीचं सिम कुठल्या वळणावर चालतं, गॅसवाल्याचा नवा नंबर, असलं त्यावर चालतं. आज साडेदहाच्या सुमारास लाईट गेली. जुलै महिना, झड लागलेली, टेबललँडचं पठार कालपासून ढगात. जाणारच. तर नुकत्याच राहायला आलेल्या एका सद्गृहस्थांनी लिहिलं, वायरमन फोन उचलत नाही, या लोकांना प्रोफेशनलिझम कशाशी खातात हेच माहीत नाही. त्यावर पटापट अंगठे. मग महाशयांना चेव आला. त्यांनी वायरमनचा नंबर ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, सगळ्यांनी एकदम फोन करा, म्हणजे उचलेल.

सगळ्यांनी एकदम! खांबावर चढलेल्या माणसाला!

मी तिथं जे लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई फेसबुकवर आहे.

हा वायरमन मला माहीत आहे. इथल्या माझ्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी खिंगरच्या रस्त्याला एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. माझं काम टेस्टिंगचं, क्लायंट अमेरिकेतला. रात्री साडेनऊला डेमो होता आणि आठ वाजता सगळं गुडुप. इन्व्हर्टर तेव्हा नव्हता. घरमालकीण काकूंनी वायरमनचा नंबर दिला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, दादा, कधी येईल हो लाईट? अमेरिकेचा कॉल आहे माझा. पलीकडं नुसता पावसाचा आवाज. मग तो शांतपणे म्हणाला, "ताई, फिडर ट्रिप झालाय, फॉल्ट घावंना. अमेरिकेला सांगा, हितं पाऊस हाय."

आणि फोन ठेवला.

मला आधी राग आला, मग हसू आलं. आणि मग मी खरंच सांगितलं. मोबाइलच्या उरलेल्या चार्जवर क्लायंटला मेसेज टाकला, इथं मुसळधार पाऊस आहे, लाईन पडली आहे, आज जमणार नाही. अमेरिकेचं उत्तर दोन मिनिटांत आलं, काळजी घे, उद्या करू. संपलं! एवढंच असतं हो. आपण उगाच समजतो की आपण तासभर दिसलो नाही तर न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळेल.

आता "फॉल्ट घावंना" म्हणजे काय ते त्या ग्रुपवरच्या विद्वानांसाठी सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. खांबावर तार ज्यावर बसवतात ते चिनी मातीचे इन्सुलेटर असतात. वायरमन लोक त्यांना चिमण्या म्हणतात. उन्हानं त्या तापतात, त्यावर पावसाचे थेंब पडले की एखादीला तडा जातो. तडा इतका बारीक की खालून दिसतही नाही. पण त्यातून करंट खांबात उतरतो आणि सबस्टेशनला अख्खा फिडर, म्हणजे तिथून निघणारी मुख्य लाईन, बंद पडतो. कुठली चिमणी फुटली हे कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही. माणसानं लाईनीखालून चालत जायचं, खांबामागून खांब, वर बॅटरी मारत. रात्र असो, धुकं असो, चिखल असो. सापडलं तर आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं, म्हणजे लाईन बंद केली आहे आणि तू सांगेपर्यंत कुणी चालू करणार नाही याची खात्री. मगच चढायचं. आणि ही खात्री कशावर करून घ्यायची? त्याच फोनवर, ज्यावर तुम्ही वीस जण मिळून रिंग देताय.

कळलं का, का उचलत नाही?

त्या रात्री साडेअकराच्या पुढं तो आणि त्याचा हेल्पर आमच्याच कुंपणाशी दिसले. शेवटी फॉल्ट आमच्या मागच्याच खांबावर निघाला. दोघंही नखशिखांत भिजलेले, खांद्याला दोर, हातात चिमटा. काम झालं, लाईट आली, काकूंनी चहा टाकला. आत या म्हटलं तर येईनात, पाय चिखलाचे म्हणून. ओट्यावरच उभे राहून प्यायले. तिथं त्यानं मला विचारलं, "तुमचं काम काय असतं हो ताई, रातच्याला?" मी सांगितलं, एका विमा कंपनीचं ॲप आहे, त्यातलं एकेक बटण दाबून बघायचं, कुठलं चालत नाही ते शोधायचं आणि कळवायचं. तो बशीतला चहा संपवेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे लाईन पेट्रोलिंगच की!"

इतक्या वर्षांत माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन कुठल्या एचआरला जमलेलं नाही. फरक एवढाच की माझी चिमणी फुटली तर कुणाला शॉक बसत नाही. आणि मी हे काम पाचगणीतून करते, उद्या पुण्यातून करीन, परवा पोर्तुगालमधून. त्याला त्याच खांबावर चढावं लागतं. आपलं "कुठूनही काम" चालतं, कारण कुणीतरी कुठंही न जाता तिथंच उभं आहे. आणि त्याला आपण प्रोफेशनलिझम शिकवणार!

खरं तर राग त्या एका माणसाचा नाही. तो बिचारा रील बघून आलाय. लाकडी टेबल, कॉफीचा मग, लॅपटॉप, मागं दरी, वर गाणं. त्या रीलमध्ये कधी बुरशी दाखवतात का? इथं पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, लॅपटॉपच्या बॅगेला येते. कपडे शेगडीवर वाळवावे लागतात आणि मग मीटिंगमध्ये आपल्यालाच आपला धुराचा वास येत राहतो. माकडं केबलवर झोके घेतात आणि केबलवाला तीन दिवसांनी येतो. लाईट जास्त वेळ गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही मान टाकतात, मग दोन सिम असोत की चार. शनिवार-रविवारी अर्धं पुणे पसरणी घाट चढून येतं, त्या दोन दिवसांत नेट रांगतं. हे सगळं मला आवडतं असं नाही. पण इथं राहायचं म्हणजे यासकट राहायचं.

आणि डोंगरावर बसून खालचा कारभार हाकायची कल्पना तरी कुठं नवीन आहे? इंग्रजांच्या काळात मुंबई सरकार उन्हाळा लागला की महाबळेश्वरला यायचं, गव्हर्नर, सेक्रेटरी, फायली, सगळा बारदाना. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळे खाली, कारण वरचा पाऊस त्यांना झेपायचा नाही. पाचगणी त्यातूनच वसली. महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटर अलीकडं, पाऊस निम्म्याहून कमी, वर्षभर राहता येईल अशी जागा. दांडेघर, गोडवली, अमरल, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधोमध. जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं ती वसवली आणि सिल्व्हर ओक लावले. साहेबांची नावं पॉइंटांना राहिली. त्यांचे पेटारे आणि पालख्या ज्यांनी घाटातून वर आणल्या त्यांच्या नावाचा एकही पॉइंट मला अजून सापडलेला नाही.

त्या सिल्व्हर ओकचा फोटो या सद्गृहस्थांच्या डीपीला आहे, मी बघितला. वाऱ्यात त्याच्याच फांद्या मोडून तारांवर पडतात, साहेब. तोडून टाका म्हणाल तर हा सगळा भाग २००१ सालापासून इको सेन्सिटिव्ह, म्हणजे निसर्ग जपायचा म्हणून राखलेला आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि येऊही नये. झाडं बघायला आलात ना? मग झाडं पडणार.

बरं, मान्य. वीज कंपनीनं तारा जमिनीखाली घालायला हव्यात, माणसं वाढवायला हवीत, आणि पैसे भरणाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे. तक्रारीसाठी टोल फ्री नंबर आहे, बिलावर छापलेला असतो, तिथं करा की. आणि हेही मान्य, की आमच्या भाड्यावर काकूंच्या घराचं छप्पर नवीन झालं. पण त्याच आमच्या भाड्यांमुळं इथल्या शाळेतल्या स्वयंपाक्याला खोली परवडेनाशी झाली, ते कुठल्या ग्रुपवर येत नाही.

मध्यंतरी सिक्कीममधल्या याकतेनबद्दल वाचलं. २०२५ मध्ये ते देशातलं पहिलं डिजिटल नोमॅड गाव, म्हणजे आमच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांचं गाव, म्हणून जाहीर झालं. पाहुणे पावसाळ्यात फिरकत नाहीत, तेव्हाही होमस्टेवाल्यांना उत्पन्न मिळावं हा हेतू. चांगली गोष्ट आहे, मला काही वाकडं बोलायचं नाही. तिथंही कुणीतरी पावसात खांबावर चढत असणार, एवढंच डोक्यात आलं. आता प्रत्येक बातमीत मला आधी तोच दिसतो, माझाही इलाज नाही.

२०२१चा जुलै ज्यांना आठवतो त्यांना जास्त सांगायला नको. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो जवळपास तेवढा. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. त्याच सुमारास खाली महाडकडं तळिये गाव दरडीखाली गाडलं गेलं. मी तेव्हा इथं नव्हते. चहा पिताना त्या रात्री हेल्परनं विषय काढला होता, तर वायरमन एवढंच म्हणाला, "तवा खांब हुडकत होतो, तार तर लांबच." आणि कप विसळायला मागितला. काकूंनी दिला नाही.

हे लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. लाईट दुपारी दोनला आली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, फायनली! धन्यवाद कुणीच नाही. परत चढला राग.

मी त्याला फोन केला नाही. भिजून आला असेल, जेवत असेल. एक मेसेज टाकला, दादा, लाईट आली, थँक्यू. बऱ्याच वेळानं एक अंगठा आला. त्याचाही प्रोफेशनलिझम असतो, बघा.

त्या सद्गृहस्थांनी नंबर डिलीट केलाय, माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

आणि रील बघून इनबॉक्समध्ये "पाचगणीला रूम मिळेल का" विचारणारे बरेच आहेत, त्यांना इथंच उत्तर देते. काकूंच्या पुढच्या बाजूची खोली दिवाळीनंतर रिकामी होतेय. भाडं मी सांगणार नाही, त्यांच्याशीच बोला, मराठीत बोला, आणि घासाघीस करू नका. शक्य असेल तर आधी ऑगस्टमध्ये आठवडाभर राहून बघा. इन्व्हर्टर आपापला आणायचा, राऊटरला छोटा यूपीएस वेगळा. वायरमनचा नंबर काकू देतील, पण तुम्ही कसे आहात ते बघून.