काउंट नॉर्मल आला म्हणून सीएमएलची गोळी बंद करू नका

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर, वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. या रुग्णांच्या घरी एक मेसेज फिरतोय: गोळी जन्मभर चालू ठेवणं हा कंपन्यांचा धंदा आहे, काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) नॉर्मल झाला की ती सोडा, गव्हांकुराचा रस घ्या, स्वस्त गोळीत तर औषधच नसतं.

सगळ्यात घातक आहे ते काउंटचं. इमॅटिनिब ही सीएमएलची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी दीड लाखावरून सात हजारांवर येऊ शकतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तेव्हाच बीसीआर-एबीएलचा, म्हणजे या आजारामागच्या सदोष जनुकाचा, पीसीआर (त्याचं रक्तातलं प्रमाण मोजणारी तपासणी) १२ टक्केही असू शकतो! तो तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या आत आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत यावा, असं डॉक्टर बघतात. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हे जनुक बनतं आणि त्याचं प्रथिन पेशींना वाढतच ठेवतं. गोळी त्याला अडवते. ती सोडली की ते पुन्हा मोकाट.

आणि जन्मभर घ्यावीच लागते, हेही सगळ्यांना लागू नाही. फ्रान्समधल्या ‘स्टिम’ अभ्यासात, किमान दोन वर्षं पीसीआरमध्ये आजार न दिसलेल्या १०० जणांची गोळी थांबवली. सुमारे ६० टक्के जणांत तो परतला, बहुतेकांत सहा-सात महिन्यांतच. दर महिन्याला पीसीआर होत होता, म्हणून वेळीच कळलं आणि गोळी पुन्हा सुरू करता आली. रसाच्या भरवशावर घरी बसलेल्याला हे कोण सांगणार? गव्हांकुरानं बीसीआर-एबीएल खाली येतो याला काडीचाही पुरावा नाही.

स्वस्त गोळीबद्दल बोलायचं तर, ग्लिव्हेकचा, म्हणजे नोव्हार्टिस कंपनीच्या इमॅटिनिबचा, महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, तेव्हा जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळत होतं. नोव्हार्टिसला या औषधाचं पेटंट हवं होतं; त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. रुग्णांच्या बाजूनं लढून टिकवलेल्या औषधाला खोटं ठरवताना थोडा तरी विचार करा.

गोळी सुटते ती बऱ्याचदा त्रासामुळे: डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. तरी सोसवत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डासाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब असे पर्याय आहेत. निलोटिनिब मात्र उपाशीपोटीच घ्यायचं असतं.