आवाज वाढतो, ताकद नाही

कंपनीतून आली तशीच असलेल्या टर्बो गाडीला (टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे कोंडलेली हवा फुस्स आवाज करत बाहेर सोडणारी झडप, बसवल्याने ताकद वाढते, हे लेखातील विधान मला पटले नाही. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्ससारख्या गाडीत हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मिटताच कोंडलेली हवा मूळ व्हॉल्व्ह पुन्हा टर्बोच्या तोंडाशी सोडतो, त्यामुळे मोजलेली हवा हिशेबातच राहते. तीच हवा बाहेर सोडली, तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) ती इंजिनात गेली असे धरून पेट्रोल देतो, मिश्रणात पेट्रोल क्षणभर जास्त होते आणि गिअर बदलताना गाडी अडखळते. मूळ व्हॉल्व्ह दाबाखाली गळत असेल, तर तो बदलणे योग्यच. पण तेव्हाही हवा परत फिरवणाराच घ्यावा.