‘दिसतंय की त्यांना!’ : गोलबॉलवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेला आठवडाभर आमच्या तालमीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर आणि आता तर अपार्टमेंटच्या पाण्याच्या ग्रुपवरही एकच मेसेज फिरतोय. सोबत पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. परदेशातला कुठलासा हॉल, अंधांची आंतरराष्ट्रीय गोलबॉल स्पर्धा (आत घंट्या असलेला चेंडू समोरच्याच्या गोलात टाकायचा, समोरच्यांनी आवाजावरून अडवायचा, असा तिघा-तिघांचा खेळ), तीन मुली जमिनीवर आडव्या पडून चेंडू अडवतायत. शिट्टी वाजते, त्यातली एक डोळ्यांवरची पट्टी वर सरकवते आणि कुणाचा हात न धरता सरळ बाकाकडे जाऊन पाण्याची बाटली उचलते. खालचा मजकूर थोडक्यात असा : यांना दिसतं, म्हणजे अंधांच्या नावावर फसवणूक चालू आहे. घुंगराचा चेंडू आणि लोळण, हा बालवाडीतला खेळ. अडला तर अडला, सगळं नशीब. प्रेक्षकांना तोंड उघडू देत नाहीत, असला कसला खेळ. आणि हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्या अंध पोरांना खेळ नको, नोकरी द्या. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. आणि मी यात अगदीच बाहेरचा माणूस नाही. माझा भाचा हा खेळ खेळतो. रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये पाच-सहा पोरं जमतात, आणि जमिनीवर रेषा आखायचं काम माझ्याकडे असतं. प्रशिक्षक वगैरे मी नाही. सुतळी आणि टेप हे माझं खातं.

आधी सगळ्यात मोठा आरोप. त्या मुलीला दिसत होतं का? असेल, थोडं दिसत असेल. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण नियमच तसा आहे. या खेळात खेळाडूंचे तीन वर्ग असतात, बी-१, बी-२ आणि बी-३. बी-१ म्हणजे जवळजवळ पूर्ण अंधार. बी-३ मधल्याला थोडी दृष्टी असते. पण ‘थोडी’ म्हणजे किती ते ऐका. चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं, ते याला सहा मीटरवर जाऊन दिसतं, तेही चष्मा लावून. किंवा नजर तीक्ष्ण असली तरी दृष्टीचा घेर चाळीस अंशांहून कमी असतो. आपला दोन डोळ्यांचा मिळून आडवा घेर १८० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे हिशेब करा.

माझ्या भाच्याचं दुखणं हे दुसऱ्या प्रकारचं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. पडद्याच्या कडेच्या पेशी आधी मरतात, मग नजर हळूहळू आवळत जाते, जणू पाइपातून बघतोय. तो मोबाइलवरचा मेसेज वाचतो, अगदी हाच फॉरवर्डसुद्धा त्यानंच मला वाचून दाखवला. पण संध्याकाळी महाद्वार रोडला उभी केलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही, गुडघा आपटल्यावरच कळते. मागं एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी त्याला मोबाइल बघताना पाहिलं आणि हातातली पांढरी काठीही पाहिली. सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “नाटकं बघा कशी करत्यात!” तो उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या फॉरवर्डमागची समजूत हीच आहे : माणूस एकतर ठार आंधळा असतो, नाहीतर ढोंगी.

आता खरी गंमत. थोडं दिसणाऱ्याचा फायदा होऊ नये म्हणून तर ती पट्टी आहे. मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येकाला, बी-१ असो की बी-३, प्रकाशाचा कणही आत येणार नाही असं आयशेड बांधावं लागतं. मोठ्या स्पर्धांत त्याच्याखाली डोळ्यांवर आणखी चिकटपट्ट्या असतात. खेळ चालू असताना पंचांना न विचारता आयशेडला हात लावला की पेनल्टी. घाम पुसायला म्हणून लावला तरी पेनल्टी. व्हिडिओतली मुलगी पट्टी वर करते ती मॅच संपल्यावर. आपल्याकडं कुस्ती सुटल्यावर पैलवान लंगोट सोडून पॅन्ट घालतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की हा पैलवानच नव्हता.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण ती फॉरवर्डवाल्याला सुचलीही नसेल. पट्टी डोळे झाकते, आयुष्य झाकत नाही. जो दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत पळाला, झाडावर चढला, त्याच्या अंगात दिशेचं भान मुरलेलं असतं. जन्मतः अंध पोराला अनेक घरांत पळूच दिलेलं नसतं, पडेल म्हणून. हा फरक मला आमच्या पोरांत डोळ्यांसमोर दिसतो. पण त्याला फसवणूक म्हणत नाहीत. त्याला लहानपणी पळू न देणारे आपण जबाबदार.

बालवाडीच्या खेळाबद्दल. कोल्हापूरकरांना फुटबॉलच्या भाषेत सांगतो. आपला पाच नंबरचा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. गोलबॉलचा चेंडू सव्वा किलोचा. जवळजवळ तिप्पट. जाड रबर, हवेच्या जोरावर उसळणारा नाही, अंगावर आला की अंगावरच बसणारा. पृष्ठभागावर आठ भोकं असतात आणि आत घंट्या, आवाज बाहेर यावा म्हणून. घुंगरू म्हणणाऱ्यानं तो ऐकलेला नाही. डब्यात सुट्टे पैसे हलवावेत तसा बसका आवाज येतो, आणि चेंडू हातात नीट धरला तर तोही बंद.

पहिल्या महिन्यात भाच्यानं मला आयशेड बांधून गोलसमोर बसवलं. “मामा, हात वर, पाय लांब, तोंड मागं घ्या,” एवढ्या तीन सूचना. समोरून त्यानं टाकला, तोही त्याच्या म्हणण्याप्रमाणं ‘हळू’. आवाज उजवीकडून येतोय असं मला वाटलं, मी उजवीकडं झेपावलो, आणि चेंडू डाव्या बरगडीत बसला. आठ दिवस खोकताना आठवण येत होती. वरच्या पातळीवर पुरुषांचा चेंडू ताशी साठ किलोमीटरच्या पुढं जातो. मैदान १८ मीटर लांब. म्हणजे या टोकाहून त्या टोकाला एका सेकंदाच्या जराशा वर. तेवढ्यात ऐकायचं, ओळखायचं आणि आडवं पडायचं. बालवाडी कुठली आहे ही?

नशिबाच्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं खेळाची खरी कला आहे आणि व्हिडिओत ती दिसणं शक्यच नाही, ती ऐकावी लागते.

गोल मैदानाच्या पूर्ण रुंदीचा असतो, नऊ मीटर, उंची एक मीटर तीस. समोर तीन खेळाडू. मधला थोडा पुढं, दोन बाजूचे मागं. रेषा टेपच्या असतात, पण टेपखालून सुतळी गेलेली असते, म्हणजे पायाच्या अंगठ्याला, तळहाताला ती लागते. खेळाडू पडून उठला की आधी रेष चाचपतो, मग खांब, मग जागा घेतो. रेष अर्धा इंच वाकडी गेली तरी आमची पोरं मला ऐकवतात. मला दिसत नाही, त्यांना लागतं. जोडीदार कुठं आहे ते जमिनीवर टिचक्या मारून, हाळी देऊन कळवतात.

आणि हल्ला. चेंडू हातात आला की दहा सेकंदांत तो समोरच्या अर्ध्यात गेला पाहिजे. फेकताना तो आपल्या बाजूच्या ठरलेल्या पट्ट्यात जमिनीला टेकलाच पाहिजे, हवेतून गेला की पेनल्टी, आणि पेनल्टीला नऊ मीटरचा गोल एकट्यानं राखायचा. या दहा सेकंदांत हुशार संघ काय करतो? एक जण उजवीकडं मुद्दाम पाय आपटत पळतो. चेंडू मात्र आवाज न होऊ देता पोटाशी धरून डावीकडच्याकडं सरकवलेला असतो. समोरचे तिघे पावलांच्या मागं उजवीकडं सरकतात आणि डावीकडून चेंडू येतो. कुणी स्वतःभोवती गिरकी घेऊन टाकतो, कुणी पाठ करून दोन पायांमधून. मातीतल्या पैलवानाला विचारा, समोरचा पट काढणार, म्हणजे पाय ओढणार, हे कसं कळलं? डोळ्यांनी नव्हे, अंगाला अंग लागल्यावर कळतं, असंच तो सांगेल. इथं तेच कानांनी.

शिवाय नशीब असतं तर ते फिरतं राहिलं असतं. ब्राझीलच्या पुरुषांनी २०१४, २०१८ आणि २०२२ असं सलग तीनदा जागतिक अजिंक्यपद घेतलं आणि मधे टोकियोत पॅरालिम्पिकचं सुवर्णही. तुर्कस्तानच्या मुलींनी रिओ, टोकियो, पॅरिस, तिन्ही ठिकाणी सुवर्ण नेलं. एवढं एकाच घरी मुक्काम करणारं नशीब मी तरी पाहिलेलं नाही.

गप्प बसण्याचं. हो, चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं, पंच तसं बजावतात, आणि गोंगाट झाला तर खेळ थांबतो. आवाज हाच तिथला उजेड आहे. आपण बल्ब काढून फुटबॉल खेळवतो का? गोल झाला की मग हवं तेवढं ओरडा. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्यात जपान आणि युक्रेन बरोबरीत राहिले, जादा वेळेत जपाननं ४-३ नं मारली. श्वास रोखलेला हॉल आणि मग एकदम फुटलेला आवाज. आता आपल्या गावाचं खरं सांगायचं तर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅच बघायला शाहू स्टेडियमवर जाणारा आणि खासबागेत कुस्तीच्या हलगीवर डोलणारा माणूस गोलबॉलच्या मॅचची चोवीस मिनिटं गप्प बसेल याची मला खात्री नाही. पण तो दोष आपला, गोलबॉलचा नव्हे.

आता चोचले. हा खेळ १९४६ मध्ये हान्स लोरेंट्सेन या ऑस्ट्रियन आणि सेप राइंडले या जर्मन माणसानं बसवला, तो दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावून आलेल्या सैनिकांसाठी. चैनीसाठी नव्हे, माणसं पुन्हा उभी राहावीत म्हणून. पॅरालिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा दिसला १९७२ ला हायडेलबर्गमध्ये, प्रात्यक्षिक म्हणून. त्याच हायडेलबर्गमध्ये आपल्या शेजारच्या, इस्लामपूरजवळच्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेतलं. तेही सैनिकच, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले. त्यांना कुणी म्हणालं असेल का, पोहणं राहू दे, नोकरी बघ? १९७६ ला टोरांटोत गोलबॉल पदकाचा खेळ झाला, १९८४ पासून महिलांचाही.

श्रीमंतीचं म्हणाल तर पॅरिसला इराण आणि इजिप्तचे संघ होते. रिओत पुरुषांचं सुवर्ण लिथुआनियानं नेलं. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. आपला कोल्हापूर जिल्हा २०११ च्या जनगणनेतच साडेअडतीस लाखांच्या वर होता.

नोकरीचं वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण ते कळवळ्याच्या सुरात आहे. नोकरी द्याच की. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, आणि त्याच कायद्यात खेळात सहभागाची सोय करणं हेही सरकारचं काम म्हणून लिहिलंय. एक दिलं की दुसरं मागू नये असं त्यात कुठंही नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य घेतलं तेव्हा गावात मिरवणूक निघाली, तेव्हा कुणी हा हिशेब काढला नाही. हा हिशेब नेमका अंध पोरांच्याच वाट्याला का येतो, एवढं फॉरवर्डवाल्यानं सांगावं.

आणि खर्च? हॉल आधीच आहे. आमच्या रविवारच्या सरावाला एक चेंडू, सहा आयशेड, गुडघ्याचे पॅड, सुतळीचा गुंडा आणि टेप लागतो. गोलऐवजी सध्या दोन बाकडी आणि मधे सतरंजी बांधलेली असते. सतरंजीला चेंडू लागला की धप्प असा आवाज होतो, त्यावरून गोल मोजतो. भाचा म्हणतो हे नियमात बसत नाही. बसत नाहीच.

आमच्याविरुद्ध एकच तक्रार आजवर खरी ठरली आहे, आणि ती या फॉरवर्डमध्ये नाही. हॉलमधले बॅडमिंटनवाले म्हणतात, टेप काढल्यावर फरशी चिकट राहते आणि बूट अडकतात. त्यांचं बरोबर आहे. म्हणून साडेनऊला सराव संपला की पोरं चहाला जातात आणि मी रॉकेलचं फडकं घेऊन बसतो.